शब्द टाकणं आणि गळ घालणं

२९ ऑक्टोबर २००७ रोजी 'वायर्ड' या अमेरिकी मासिकाचे तेव्हाचे मुख्य संपादक क्रिस अँडरसन यांनी आपल्या ब्लॉगवर एक लांबलचक यादी टाकली. यादी ईमेलच्या पत्त्यांची होती आणि पत्ते होते जनसंपर्काच्या धंद्यातल्या लोकांचे, म्हणजे पीआरवाल्यांचे. अँडरसन यांचं म्हणणं थोडक्यात असं : मला दिवसाला तीनशेहून जास्त मेल येतात आणि त्यातला खरा ताप स्पॅमचा नाही, पीआरवाल्यांचा आहे. मी काय लिहितो, कशात मला रस आहे, याची काडीची चौकशी न करता ज्यांनी गेल्या महिन्याभरात आपली प्रसिद्धीपत्रकं माझ्या अंगावर भिरकावली, त्या सगळ्यांना मी ब्लॉक केलंय. हे घ्या त्यांचे पत्ते.

बरीच खळबळ उडाली. काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींना हा प्रकार क्रूर वाटला. पत्ते असे उघड्यावर पडल्यामुळे आता त्या पीआरवाल्यांच्याच मेलपेट्या कचऱ्याने भरणार, हेही लोकांनी लगेच ओळखलं. पुढच्या वर्षी, मे २००८मध्ये, 'लाइफहॅकर'च्या संपादक जिना ट्रपानी यांनी त्याच वळणावर, आपल्या खाजगी पत्त्यावर मारा करणाऱ्या पीआर कंपन्यांची यादी जाहीर केली.

मला या भांडणात रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. ब्लॉग, सोशल मीडिया, इन्फ्लुएन्सर यांचा जो इतिहास आपल्याला सांगितला जातो, तो बहुतेकदा लिहिणाऱ्यांचा किंवा कंपन्यांचा असतो. त्या दोघांमध्ये जे पत्र जातं, त्याचा इतिहास कुणी सांगत नाही. 'आमचं हे आहे, तुम्ही याबद्दल लिहाल का?' असं विचारणारं पत्र. इंग्रजीत त्याला पिच म्हणतात. आपल्याला पिच म्हटलं की खेळपट्टी आठवते, पण या गोष्टीसाठी मराठीत दोन फार नेमके वाक्प्रयोग आहेत. एक, शब्द टाकणं. दुसरा, गळ घालणं.

दोन्हींत मागणी आहे. पण शब्द टाकणाऱ्याला ठाऊक असतं की उचलायचा की नाही, हे समोरच्याच्या हातात आहे. गळ घालणारा समोरच्याला सुटू देत नाही. आणि मासे पकडायच्या आकड्यालाही आपण गळच म्हणतो. गेल्या सव्वाशे वर्षांत जगभरच्या विक्रेत्यांनी लिहिणाऱ्यांना जी पत्रं पाठवली, त्यांची मला तरी एवढीच वर्गवारी दिसते.

सुरुवात ब्लॉगच्या बऱ्याच आधी होते. १९०६ साली अमेरिकेत आयव्ही ली नावाचा एक माजी वार्ताहर कोळसा खाणींच्या मालकांसाठी काम करत होता. तेव्हा उद्योगपती पत्रकारांना दारात उभं करत नसत आणि पत्रकारही उद्योगपतींच्या माणसांकडे संशयाने बघत. लीने संपादकांना एक छोटं निवेदन धाडलं. त्यातला आशय असा, की आमचं हे काही गुप्त बातम्या पेरण्याचं खातं नाही, जे काही आहे ते उघड आहे, आम्ही कुणासाठी काम करतो तेही उघड आहे. आणि आमचा मजकूर जाहिरात विभागाकडे जायला हवा असं तुम्हाला वाटलं, तर तो छापू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला आणि लीने रेल्वे कंपनीच्या वतीने पत्रकारांना निवेदन दिलं. पहिलं प्रसिद्धीपत्रक म्हणून आजही त्याचाच दाखला दिला जातो.

ली काही संत नव्हता. बड्या धनिकांची प्रतिमा उजळून देणं हेच त्याचं पोट भरायचं साधन होतं. पण 'छापू नका' हे शब्द त्याने आपणहून लिहिले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. संपादकाला नकाराची वाट मोकळी ठेवली, तरच त्याच्या होकाराला किंमत येते, हे त्याला कळलं होतं.

पुढे प्रसिद्धीपत्रकांचा कारखानाच झाला. त्यातही एक सोय होती. वृत्तपत्राच्या कचेरीत संपादकीय विभाग आणि जाहिरात विभाग यांच्यामध्ये एक भिंत असायची, निदान असावी असं मानलं जायचं. पत्रक आलं की उपसंपादक ते वाचून केराच्या टोपलीत टाकत असे किंवा चार ओळी करून आतल्या पानावर लावत असे. टोपलीत गेलेल्या पत्रकाचं कुणाला वाईट वाटायचं नाही. सगळा व्यवहार टेबलाचा टेबलाशी होता.

ब्लॉग आला आणि टेबलं गेली. 'वेबलॉग' हा शब्द १९९७च्या डिसेंबरात जॉर्न बार्गर यांनी वापरला. १९९९मध्ये पीटर मरहोल्झ यांनी गंमत म्हणून त्याचे तुकडे पाडून 'वी ब्लॉग' असं केलं आणि 'ब्लॉग' हा शब्द रूढ झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने 'ब्लॉगर' ही सेवा सुरू केली, २००३च्या फेब्रुवारीत ती गूगलने घेतली आणि त्याच वर्षी मे महिन्यात वर्डप्रेस आलं. आता लिहायला छापखाना नको, संपादक नको, पैसेही नकोत. एकच माणूस लेखक, संपादक, मुद्रितशोधक आणि शिपाई. वाचक त्याच्याकडे येत, कारण तो कुणाचा नोकर नव्हता. त्याला कॅमेरा आवडला तर आवडला म्हणायचा, टुकार वाटला तर टुकार.

विक्रेत्यांना हवा होता तो नेमका हाच मोकळेपणा. सगळी गोची तिथेच आहे. मोकळं मत विकत घेतलं की ते मोकळं उरत नाही. बरं, इथे मध्ये भिंतही नाही. संपादक आणि जाहिरात व्यवस्थापक एकाच डोक्यात राहतात.

मोठ्या कंपन्यांच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक गाजला तो २००३ साली. डॉ. पेपर/सेव्हन अप कंपनीला 'रेजिंग काऊ' नावाचं दुधाचं पेय बाजारात आणायचं होतं. त्यांनी मोजके तरुण ब्लॉगर निवडून डॅलसला नेले, पेय पाजलं आणि घरी जाऊन लिहा म्हणून सांगितलं. शिवाय त्या गाईच्या नावाने एक ब्लॉगही चालवला. बाकीच्या ब्लॉगलेखकांना वास आला आणि त्यांनी पेयावर बहिष्काराची हाक दिली. आज ते पेय कुणाला आठवत असेल तर त्या बहिष्कारामुळेच.

दोन वर्षांनी उलटी गोष्ट घडली. ह्यू मॅक्लाउड हे व्हिजिटिंग कार्डांच्या मागच्या बाजूला व्यंगचित्रं काढणारे ब्लॉगलेखक. २००५मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या स्टॉर्महोक या छोट्या वाइनरीसाठी सुमारे शंभर ब्लॉगलेखकांना एकेक बाटली फुकट पाठवली. अटी साध्या होत्या : दारू पिण्याचं कायदेशीर वय असावं आणि काही महिने तरी तुम्ही ब्लॉग लिहीत असावं. वाचक किती, याची विचारणा नाही. मुख्य म्हणजे बाटलीबद्दल लिहायचं बंधन नाही. चांगलं लिहा, वाईट लिहा, काहीच लिहू नका. बऱ्याच जणांनी लिहिलं आणि वर्षभरात विक्री दुप्पट झाल्याचं मॅक्लाउड सांगत. दाव्यातलं विक्रेत्याचं मीठ वजा करू, पण एक अनोळखी वाइन ब्लॉगविश्वात ओळखीची झाली हे खरं आहे. गाईने गळ घातला होता. बाटलीने शब्द टाकला.

हे वाचताना मला आपल्याकडची एक जुनी चौकट आठवते. मी माझ्या ब्लॉगवर जास्त करून जुन्या मराठी मासिकांबद्दल लिहिते, त्यामुळे ती सतत समोर येते. परीक्षणासाठी पुस्तकाच्या दोन प्रती पाठवाव्यात, अशी सूचना कित्येक नियतकालिकं देत. प्रती आल्या की मागच्या पानांत कुठेतरी 'साभार पोच' या मथळ्याखाली पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत एवढं छापून येई. परीक्षण येईल किंवा येणार नाही. आलं तर ते झोडपणारंही असू शकेल. त्या दोन शब्दांत किती गोष्टी बसल्या आहेत बघा. पुस्तक फुकट आलंय, हे वाचकाला सांगितलं. पाठवणाऱ्याचे आभार मानले. आणि 'पोच' म्हणजे फक्त पोच, त्यात स्तुतीचं कुठलंही वचन नाही. आज ज्याला डिस्क्लोजर म्हणतात आणि ज्यासाठी सरकारांना नियम करावे लागले, ते काम आपली मासिकं दोन शब्दांत उरकत होती. त्या जगातही ओळखीपाळखी होत्या, कंपू होते, मित्रांनी मित्रांवर लिहिलेली गोड परीक्षणं होती. पण निदान मांडणीत तरी नकाराला जागा होती.

माझ्या ब्लॉगला येणारी पत्रं या चौकटीत बसत नाहीत. 'डिअर ब्लॉगर' अशी इंग्रजीत सुरुवात. तुमचा लेख फार आवडला, असं दुसरं वाक्य; कोणता, ते नाही. तिसऱ्या वाक्यात झटपट कर्ज देणाऱ्या कुठल्याशा अ‍ॅपबद्दल 'आमच्याकडे तयार असलेला' मजकूर छापायची विनंती. दोन दिवसांनी आठवण, चार दिवसांनी पुन्हा आठवण. एकोणिसाव्या शतकातल्या मासिकांच्या वर्गणीदारांबद्दल वाचायला येणारी माझी मूठभर माणसं या अ‍ॅपचं काय करणार, हे पत्र लिहिणाऱ्याने ब्लॉग एकदा उघडला असता तरी कळलं असतं. अँडरसन यांचा राग मला समजतो. न वाचता केलेलं कौतुक हा एक प्रकारचा अपमानच असतो.

२००६ साल या इतिहासात फार वाईट गेलं. एक जोडपं मोटारघर घेऊन अमेरिकाभर हिंडतंय, रात्री वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये मुक्काम करतंय आणि भेटणारा प्रत्येक कर्मचारी खूश आहे, असा एक ब्लॉग तेव्हा चालू होता. ऑक्टोबरात 'बिझनेसवीक'ने उघड केलं की या प्रवासाचा खर्च वॉलमार्टच्या पाठिंब्यावर चालणारी एक संघटना करत होती आणि मागे एडलमन ही बडी पीआर कंपनी होती. कंपनीचे प्रमुख रिचर्ड एडलमन यांना स्वतःच्या ब्लॉगवर माफी मागावी लागली. डिसेंबरात मायक्रोसॉफ्ट आणि एएमडी यांनी काही ब्लॉगलेखकांना विंडोज व्हिस्टा घातलेले महागडे एसर फेरारी लॅपटॉप पाठवले. काहींनी ते उघडपणे सांगितलं, काहींवर संशय घेतला गेला. वाद पेटल्यावर कंपनीने, वापरून झाल्यावर लॅपटॉप परत करा किंवा कुणाला तरी देऊन टाका, असं सुचवलं. त्यामुळे गोंधळ वाढलाच. भेट होती की उसनवारी, हे देणाऱ्यालाच ठरवता आलं नव्हतं.

मग कायदा आला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने शिफारशी आणि प्रशस्तींबद्दलची आपली मार्गदर्शक तत्त्वं १९८० नंतर पहिल्यांदा सुधारली. ऑक्टोबर २००९मध्ये ती जाहीर झाली आणि १ डिसेंबरपासून लागू झाली. पैसे किंवा वस्तू घेऊन लिहिणाऱ्या ब्लॉगलेखकाने ते वाचकाला सांगितलं पाहिजे, असं त्यांत स्पष्ट म्हटलं होतं. जेमतेम दोन महिन्यांत, जानेवारी २०१०मध्ये, अ‍ॅन टेलर लॉफ्ट या कपड्यांच्या दुकानसाखळीने ब्लॉगलेखकांना उन्हाळी कपडे बघायला बोलावलं. चोवीस तासांत जो लिहील, त्याचं नाव ५० ते ५०० डॉलरच्या भेटकार्डांच्या सोडतीत. कमिशनने चौकशी केली. कारवाई न करता एप्रिलमध्ये ती संपवली, पण सगळ्या धंद्याला निरोप पोचला. मला त्यातली चोवीस तासांची अट बोलकी वाटते. विचार करायला वेळच द्यायचा नाही, ही गळ घालण्याची खास रीत.

नकाराची वाट बंद केली की काय होतं, याचं सर्वांत ढळढळीत उदाहरण मात्र भारतीय आहे. २०१२ साली सॅमसंगच्या भारतातल्या एका उपक्रमातून दोन तरुण ब्लॉगलेखक बर्लिनला आयएफए या इलेक्ट्रॉनिक्सच्या जत्रेला गेले. आपण वार्तांकनासाठी चाललो आहोत, अशी त्यांची समजूत. त्यांनी सांगितलेली हकिकत अशी : तिथे पोचल्यावर त्यांच्यापुढे कंपनीचा गणवेश आला आणि स्टॉलवर उभं राहून लोकांना फोन दाखवायची अपेक्षा आली. त्यांनी नाही म्हटल्यावर, ऐकत नसाल तर परतीचं तिकीट आणि मुक्काम तुमचं तुम्ही बघा, अशी भाषा झाली. परक्या देशात, खिशात बेताचे पैसे. शेवटी प्रतिस्पर्धी नोकियाने त्यांच्या राहण्याची आणि परतीची सोय केली. सॅमसंगने नंतर हा गैरसमजाचा प्रकार असल्याचं म्हटलं. पण त्या आठवड्यात जगभर बोलबाला झाला तो नोकियाच्या तिकिटांचा. नोकियाच्या मनात निव्वळ परोपकार असेल असं मी मानत नाही. तरी 'आमच्याबद्दल लिहा' असं न म्हणता केलेल्या त्या मदतीने जे मिळवलं, ते गणवेशाने मिळालं नसतं.

हे सगळं ब्लॉगच्या काळातलं. आता ब्लॉग मागे पडला, २०१० साली आलेलं इन्स्टाग्राम पुढे गेलं, 'पिच'ची जागा 'कोलॅब'ने आणि 'बार्टर'ने घेतली. २०१७मध्ये इन्स्टाग्रामने 'पेड पार्टनरशिप' अशी पट्टीच तयार करून दिली. आपल्याकडे मुंबईस्थित अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने इन्फ्लुएन्सरांसाठीचे नियम मे २०२१मध्ये जाहीर केले, ते १४ जूनपासून लागू झाले. जानेवारी २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही स्वतंत्र सूचना काढल्या. पैसे, फुकट वस्तू, फुकट प्रवास, नातं, काहीही असो, ते साध्या भाषेत आणि दिसेल अशा जागी सांगा. 'साभार पोच' पुन्हा आली म्हणायची, फक्त आता सरकारी शिक्क्यानिशी.

पण पट्टी लावली की मोकळेपणा परत येतो, असं होत नाही. पट्टी सांगते की पैसे घेतले. नाही म्हणायची मुभा होती का, हे सांगत नाही. रीलमध्ये कोणती वाक्यं हवीत, कोणती नकोत, कितव्या सेकंदाला डबी दिसली पाहिजे, हे सगळं आधी लिहून येतं. तुम्ही जी पोरगी तिच्या स्वतःच्या बोलीसाठी फॉलो करता, ती एक दिवस अचानक छापील वाक्यं बोलू लागते आणि तुमचा अंगठा आपोआप पुढे सरकतो. तुम्हाला नियम माहीत नसतील, पण गळ ओळखता येतो.

हे तुम्हाला सांगायचं कारण, तुमच्या पिढीत पलीकडच्या बाजूला कुणीच फार काळ राहत नाही. आज रील बघणारा उद्या स्वतःचा कवितासंग्रह काढतो, एकांकिकेचे प्रयोग लावतो, आईची मेतकूट-चटण्यांची पाकिटं विकायला घेतो. मग कुणाला तरी लिहावंच लागतं : जरा बघाल का, आवडलं तर चार लोकांना सांगाल का? त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शब्द टाकल्याशिवाय जगात कुणाचं काही पुढे गेलेलं नाही.

तेव्हा या इतिहासातून मला जे उचलावंसं वाटतं ते एवढं. शंभर जणांना एक पत्र लिहिण्यापेक्षा पाच जणांना पाच पत्रं लिहावीत. ज्याला लिहायचं, त्याचं आधी वाचावं आणि काय वाचलं ते नावानिशी सांगावं. खोटं कौतुक दुसऱ्या ओळीत उघडं पडतं. आपण कोण, आपला यात काय फायदा, हे लीसारखं सरळ सांगून टाकावं. आपली वस्तू त्याच्या वाचकाच्या काय कामाची, हे दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर बहुधा पत्ता चुकलाय. वस्तू पाठवायची तर पाठवावी, पण ती भेट आहे की परत हवी आहे, हे आधीच ठरलेलं असावं. स्वतः लिहिलेलं कौतुक त्याच्या तोंडी घालू नये. उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करावी, तिसऱ्यांदा दार वाजवू नये. आणि वाचकाला 'हे यांनी पाठवलं होतं' हे कळावं, असा आग्रह पाठवणाऱ्यानेच धरावा. त्याने आपला काही तोटा होत नाही, उलट आपल्याबद्दल आलेल्या चार ओळींवर लोकांचा भरवसा बसतो.

सगळ्यात शेवटी एक ओळ लिहावी : लिहावंसं वाटलं नाही तरी हरकत नाही, प्रत तुमच्याकडेच ठेवा. ही ओळ लिहायला हात जड होतो. दोन वर्षं खपून काढलेल्या पुस्तकाबद्दल, कर्ज काढून घेतलेल्या यंत्रातून निघालेल्या पहिल्या पाकिटाबद्दल असं म्हणणं सोपं नाही. पण ती मनापासून लिहिता येत असेल तरच पत्र पाठवावं. ती वाचून ज्याने तरीही लिहिलं, त्याचा शब्द त्याचे वाचक झेलतात.